जैतूनबीची फुंकर

बांगड्या भरायला बसलं की बाईमाणूस श्वास धरून बसतं. तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय. पण आठवून बघा. बांगडी अंगठ्याच्या हाडाशी येऊन अडली की आपण डोळे मिटतो, दात आवळतो आणि श्वास कोंडून घेतो. श्वास कोंडला की हाताचं लाकूड होतं आणि बांगडी जाते फुटून. फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. कसंही म्हटलं तरी काच घुसायची ती घुसतेच.

ही श्वासाची गोष्ट मला कळमनुरीतल्या एका मण्यारणीनं सांगितली. मण्यार म्हणजे बांगड्या भरणारे. आमच्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान. हिचं नाव जैतूनबी. उंच, सडपातळ, तोंडावर देवीचे वण, आणि डोक्यावर ओझं वाहून वाहून मान अशी सरळ झालेली, की नुसती उभी राहिली तरी वाटावं हिच्या डोक्यावर अजून टोपली आहे. टोपलीत दोऱ्यांत ओवलेल्या बांगड्या, वर जुन्या लुगड्याचं फडकं. त्या टोपलीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपायचं नाही. सगळ्यांना ती ‘पोरी’ म्हणायची. माझ्या सासूबाई तिच्यापेक्षा वयानं मोठ्या, त्यांनासुद्धा पोरीच. सासूबाई आतल्या आत जळायच्या, पण कळमनुरीत तिच्याइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, म्हणून गप्प बसायच्या.

आणखी एक खोड होती तिला. माणसाच्या तोंडाकडे ती आधी बघायचीच नाही. आधी हात बघायची. “तोंड खोटं बोलतंय पोरी, हाताला अजून ती अक्कल आली न्हाई,” असं म्हणायची. या खोडीनंच पुढं आमच्या घरात एक दिवस आकाश-पाताळ एक झालं, ते सांगतेच.

मी चौदा वर्षांची असताना लग्न होऊन कळमनुरीत आले. निजामाचा अमल होता. तो जायला अजून दहा-बारा वर्षं अवकाश होता. आल्यावर आठ दिवसांनी सासूबाईंनी जैतूनबीला बोलावलं. ओसरीवर चार शेजारणी नव्या नवरीचा हात बघायला जमलेल्या. मग काय विचारता! माझ्या पहिल्या तीन बांगड्या एकामागं एक वाढल्या. सासूबाईंच्या तोंडून “अगं बाई” निघालं. त्या एका “अगं बाई”त माझी, माझ्या आईची आणि आमच्या सगळ्या खानदानाची कुंडली होती.

जैतूनबीनं माझा हात खाली ठेवला. “काहून आवळून बसली गं? मी काय तुझा हात घरी घेऊन चालले?”

मी रडकुंडीला आले होते. ती जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “गरम दूध कसं फुंकतीस? तसं फुंक.”

मी फुंकलं. गाल फुगवून, जोर लावून. तिनं माझ्या तोंडावरच हात ठेवला. “अगं, चूल न्हाई फुंकायची! नुसती राख उडवून राहिली. वाटीतल्या दुधावरची साय हलावी, फाटू नये, इतकंच. घ्यायचं नाकानं, वास घेतल्यावाणी. सोडायचं ओठानं. घेताना तीन, सोडताना पाच. छाती फुगवू नको, पैलवान हायेस का तू? अन् चक्कर आल्यावाणी वाटलं तर सोडून दे, उगं बसून राहा. जबरदस्ती करायला हा काय सरकारी हुकूम न्हाई.”

मी दूध फुंकावं तसं फुंकत राहिले आणि ती बांगडी फक्त माझी फुंकर बाहेर जात असतानाच पुढं सरकवायची. आत श्वास घेतला की थांबायची. बाहेर सोडला की चार जव पुढं. डझनभर बांगड्या भरून झाल्या तेव्हा मला कळलंही नाही. शेजारणी हात बघायला आल्या होत्या, त्या तोंड बघत बसल्या.

तीन आणि पाच हे कुठून आलं, ते तिनं मला नंतर सांगितलं. नवी नवरी असताना ती पहिल्यांदाच टोपली डोक्यावर घेऊन निघाली. सासू सोबत होती, पण कयाधू नदीच्या काठावर थांबली आणि म्हणाली, तू हो पुढं. कयाधूला गुडघाभर पाणी. मधोमध गेल्यावर हिला वाटलं, आता पाय घसरतो. म्हणून हिनं छाती भरून श्वास धरला. श्वास धरल्यावर खांदे वर गेले, मान आखडली आणि टोपली गेली पाण्यात. सगळी काच नदीच्या पोटात.

“त्या साली कयाधूच्या माशांनी बांगड्या भरल्या बघ,” असं सांगून ती स्वतःच खदखदून हसायची.

सासू रागावली नाही म्हणे. काठावरून एवढंच म्हणाली, “पानी घुटने तक था, तू नाक तक कैसे डूबी?” आणि दुसऱ्या दिवशी टोपलीत दगड भरून तिनं सुनेला तीच नदी सात वेळा पार करायला लावली. तीन पावलं होईस्तोवर श्वास घ्यायचा, पाच पावलं होईस्तोवर सोडायचा. तेव्हापासून जैतूनबी तशीच चालायची. आखाडा बाळापूरचा बाजार आमच्यापासून पाच-सहा कोस. भली भली माणसं तिथं पोचेपर्यंत कुत्र्यासारखी धापा टाकायची. ही टोपलीसकट पोचायची आणि बसल्या बसल्या भाव सांगायला लागायची.

आमच्या सासूबाईंवर तिनं हा इलाज केला, तो मात्र फसला. नाही, फसला कसला, फारच लागू पडला. सासूबाई तोंडाच्या फार तिखट. एकदा विहिरीवरच्या बाईशी त्यांचं वाजलं आणि त्या दारात उभ्या राहून तिच्या सात पिढ्या उद्धरत होत्या. चेहरा लालबुंद. तेवढ्यात जैतूनबी आली. टोपली उतरवून म्हणाली, “दे पोरी, शिवी दे. चांगली झणझणीत दे. पर आधी पोटातला समदा वारा हळू सोडून दे, अन् मग दे.” सासूबाईंनी रागाच्या भरात खरंच श्वास सोडला. सगळा. आणि शिवी आलीच नाही! तोंड उघडं ठेवून त्या तशाच उभ्या. विहिरीवरची बाई हसत निघून गेली. सासूबाईंनी पंधरा दिवस जैतूनबीला दारात उभं केलं नाही.

आता माझ्या नणंदेचं सांगते, कारण जैतूनबीची खरी ताकद मी तिथं पाहिली.

गोदावन्सं माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या. पंधराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. नवऱ्याच्या मागं दोन वर्षं सासरीच होत्या. अकरा माणसांचं दळण, आणि झोपायला गोठा. मामंजी एकदा भेटायला गेले, लेकीची दशा पाहिली आणि चार दिवसांसाठी म्हणून घेऊन आले. मामंजी कचेरीत मुन्शी होते. त्यांनी गोदावन्संना लहानपणी मराठी आणि उर्दू दोन्ही लिहा-वाचायला शिकवलेलं. त्या वेळी कळमनुरीत मुलींच्या शाळेत मास्तरणीची जागा रिकामी होती. तालीम खात्याचे मोहतमीम साहेब, म्हणजे शाळा तपासणारे मोठे अधिकारी, दिवाळीआधी येणार होते. त्यांच्यासमोर धडा शिकवून दाखवायचा. पसंत पडला तर जागा मिळणार. दिवाळी झाली की वन्संचा दीर त्यांना परत न्यायला येणार होता. जागा मिळाली तर इथं राहायचं, नाही मिळाली तर पुन्हा तो गोठा. मामंजींनी ओसरीवर सगळ्यांच्या देखत हे सांगितलं, म्हणजे मागं फिरायला वाट नव्हती.

शिकवायला येत नव्हतं असं नाही. मला मोडी-बाळबोध त्यांनीच शिकवलं, आणि काय गोड शिकवलं! अडचण वेगळीच होती. परकं माणूस समोर आलं की त्यांचा श्वास वरच्या वर अडकायचा. हात बर्फ, बोटं वाकडी, छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं आणि तोंडून शब्द नाही. सासरी बांगड्या फोडल्या त्या दिवसापासून हे सुरू झालं. सासूबाई म्हणायच्या, बाहेरचं आहे. एक भगत आणला. त्यानं मिरच्यांची धुरी दिली. अरे बाबा, ज्या माणसाला आधीच श्वास पुरत नाही त्याला धुरी देतोस? मी सून होते म्हणून गप्प बसले, नाहीतर त्याचीच शेंडी त्या निखाऱ्यावर धरली असती.

मामंजी कळमनुरीला बदलून आले ते वन्संच्या लग्नानंतर, म्हणून जैतूनबीला गोदावन्सं ठाऊकच नव्हत्या. मण्यारीण आली की विधवेनं समोर यायचं नाही, असा रिवाज. त्यामुळं वन्सं माजघराच्या दाराआड. त्या दिवशी माझ्या बांगड्या भरून झाल्या आणि सासूबाई परसात होत्या. मण्यारणीला सुपातून जोंधळे घालायचे असतात. माझे हात बांगड्यांनी अवघडलेले, म्हणून वन्संनी दाराआडूनच सूप पुढं केलं.

जैतूनबीला दिसला तो नुसता हात. सतरा-अठरा वर्षांचा, गोरापान, आणि मनगट मोकळं. “आता गं बाई! मण्यारीण दारात अन् पोरीचा हात रिकामा?” असं म्हणून तिनं सूप खाली ठेवलं, हात धरला आणि मी तोंड उघडायच्या आत दोन हिरव्यागार बांगड्या चढवल्यासुद्धा!

तेवढ्यात सासूबाई आल्या.

काय झालं असेल ते काय सांगू. हंबरडा, कपाळ बडवणं, “घर बुडवलंस गं अवदसे,” सगळं एकदम. शेजारणी कुंपणावर. सासूबाई आत धावल्या आणि बांगड्या फोडायला वरवंटा घेऊन आल्या. तो वरवंटा बघितला मात्र, गोदावन्सं उंबऱ्यात कोसळल्या. डोळे फिरलेले, बोटं वाकडी, श्वास वरच्या वर लहान लहान, हातात धरलेल्या चिमणीसारखा. दोन वर्षांपूर्वी असाच एक दगड त्यांच्या मनगटावर बसला होता.

दुसरी कुणी असती तर टोपली उचलून पळाली असती. जैतूनबी उंबऱ्याशी बसली आणि तिनं त्या दोन बांगड्या आपल्या पंजाखाली झाकल्या.

“पोरी, तो वरवंटा खाली ठेव,” ती सासूबाईंना म्हणाली. “चूक माझी हाय. मी हात बघितला, माणूस न्हाई बघितलं. चढवल्या मी, उतरवणार मी. फोडायच्या न्हाईत.”

“उतरतील होय गं त्या? चढवताना सटकन गेल्या!” सासूबाई कडाडल्या.

“उतरतील. पोरीचा हात ढिला व्हऊ दे.”

चढवण्यापेक्षा उतरवणं किती अवघड, हे बाईमाणसाला सांगायला नको. त्यात वन्संचा हात आवळून दगड झालेला. जैतूनबीनं त्यांना काही समजावलं नाही, भिऊ नको म्हटलं नाही. त्यांच्या तळपायांवर हात ठेवून म्हणाली, “हे पाय कुठं हायेत बघ. उंबऱ्यावर हायेत. गार लागतंय का?” वन्संनी मान हलवली. “झालं तर मग. आता लेकराची पेज निववायची. फुंक.”

वन्संच्या तोंडून तुटका आवाज आला, “मला कुठं लेकरू?”

जैतूनबी ढिम्म हलली नाही. “मग दुसऱ्याच्या लेकराची निवव. पेजेला काय कळतंय, कोणाचं लेकरू हाय ते? फुंक, हळू. जीभ भाजंल त्याची.”

पहिल्या दोन-चार फुंकरी नुसत्या थरथरल्या. जैतूनबी स्वतःही सोबत फुंकत होती. घेताना एका हाताची तीन बोटं उघडायची, सोडताना दुसऱ्या हाताची पाच एकेक करून मिटायची. श्वास मोठा घे, असं ती एकदाही म्हणाली नाही. सोडायचंच सांगत राहिली. “घ्यायची फिकीर करू नको. जागा झाली की तो आपल्या पायानं येतो.” तव्यावरची माझी भाकर करपून कोळसा झाली, कुणाचं लक्ष नाही. हळूहळू वन्संची बोटं सरळ झाली, चेहऱ्यावर रंग आला. आणि एका लांब फुंकरीबरोबर पहिली बांगडी उतरली. अख्खी! मग दुसरी. जैतूनबीनं दोन्ही बांगड्या उन्हात धरून बघितल्या, तडा नव्हता. सासूबाई वरवंटा मांडीवर घेऊन मटकन खाली बसल्या होत्या.

संध्याकाळी मामंजींच्या कानावर सगळं गेलं. ते म्हणाले, “जे भगताला जमलं नाही ते जमलं ना? मग येऊ दे तिला.”

त्या दिवसापासून जैतूनबी आठवड्यातून दोनदा यायची. बांगड्या भरायला नाही, नुसती. वन्संना ती जात्यावर बसवायची. खुंटा ओढताना तीन, सोडताना पाच. पाणी भरताना, सडा घालताना, तेच. “भीती आली की मग श्वास शोधायला जाशील तर सापडायचा न्हाई,” ती म्हणायची. “घरात आग लागल्यावर विहीर खणतेत व्हय?” महिनाभरात वन्संचा चेहरा बदलला. त्या रात्री शांत झोपायला लागल्या. मी म्हटलं, चला, जिंकलो.

कसलं जिंकलो! मामंजींनी रंगीत तालीम म्हणून शेजारचे पाच जण ओसरीवर बसवले आणि वन्संना म्हणाले, शिकव. वन्सं उभ्या राहिल्या, पाटी हातात घेतली आणि तशाच्या तशा गोठल्या. श्वास धरला तो धरलाच. पाच जण उठून गेले. वन्सं माजघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. मोहतमीम साहेब यायला दहा दिवस उरले होते.

जैतूनबीला मी सगळं सांगितलं तेव्हा तिनं पान लावायला घेतलं. पान लावताना ती बोलायची नाही. पान तोंडात गेल्यावर म्हणाली, “चूक माझीच हाय. ही पोरगी सोताचाच श्वास मोजत बसली. दुसऱ्याचा मोजायला लावला पायजे.”

दोन दिवसांनी शेजारच्या घरी लग्न होतं. आदल्या दिवशी वऱ्हाडातल्या पंधरा-वीस बायका बांगड्या भरायला आमच्या ओसरीवर जमल्या. जैतूनबीनं टोपली मांडली आणि आत हाक मारली, “गोदे, बाहेर ये. माझ्यापाशी बस.”

लग्नाच्या बांगड्या, आणि विधवा जवळ बसणार! नवरीची मावशी उठून उभीच राहिली. “हे काय भलतंच? आमची पोर लग्नाची हाय!”

जैतूनबीनं टोपलीवर फडकं टाकलं. “माझ्या टोपलीपाशी कोण बसंल ते मी ठरवती. ज्याला पटत न्हाई त्यानं नांदेडाला जाऊन बांगड्या भराव्या. रस्ता मोकळा हाय.”

नांदेड कुठं, आम्ही कुठं! लग्न दुसऱ्या दिवशी. मावशी बसली. आणि गंमत म्हणजे सासूबाई, हो आमच्याच सासूबाई, दारातून म्हणाल्या, “बसू द्या हो. अपशकुन व्हायचा असता तर आमच्या घरात केव्हाच झाला असता.”

नवरी तेरा वर्षांची होती आणि झाडाच्या पानासारखी लटलट कापत होती. जैतूनबीनं तिचा हात धरला आणि वन्संना म्हणाली, “मला दोन कामं जमत न्हाईत. मी हात बघती, तू तिला फुंकायला सांग.” वन्संनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. पण त्या पोरीचे डोळे पाण्यानं भरलेले, आणि ती वन्संकडेच बघत होती. तिला कुठलं विधवा न् कुठलं काय, तिला आधार पाहिजे होता.

“बाळा,” वन्सं म्हणाल्या. आवाज फाटला. पुन्हा म्हणाल्या, “बाळा, गरम दूध फुंकतेस ना? तसं फुंक बघू. मी मोजते.”

त्या दिवशी वन्संनी वीस बायकांचे श्वास मोजले. शेवटी शेवटी तर त्या मावशीला रागावल्यासुद्धा, “अहो मावशी, राख उडवू नका!” एकही बांगडी वाढली नाही. जैतूनबीनं निघताना गोदावन्संच्या पाठीवर थोपटलं.

तपासणीच्या दिवशी सोबत म्हणून मी शाळेत गेले. वन्संनी मागच्या गल्लीतून जायचं ठरवलं. विधवा आडवी गेली म्हणून सकाळी सकाळी कुणी शिव्याशाप द्यायला नको. उकिरड्याच्या कडेनं, लोकांच्या परसांमागून, डोक्यावर पदर ओढून गेलो. शाळेच्या फाटकाशी जैतूनबी टोपली घेऊन उभी. मी विचारलं, आज काय इकडं? तर म्हणे, “बाजाराला चालले. माझी वाट इकडूनच हाय.” बाजाराची वाट गावाच्या त्या टोकाला होती.

वर्गात मोहतमीम साहेब खुर्चीवर. काळी शेरवानी, पिकलेली दाढी, हातात छडी. शेजारी हेडमास्तर आणि गावचे दोन प्रतिष्ठित. समोर जाजमावर पंचवीस-तीस पोरी, आणि त्या पोरींची तोंडं पांढरीफटक. वन्संच्या आधी शाळेतल्याच एका मास्तरांनी शिकवून दाखवलं होतं. त्यांनी प्रश्न विचारला की पोरी मुक्या. साहेबांना बघून एकीच्याही तोंडून अक्षर फुटलं नव्हतं. साहेबांनी नाक मुरडून वहीत काहीतरी लिहिलं होतं.

वन्सं उभ्या राहिल्या. मी कोपऱ्यात बसून त्यांच्या गळ्याकडे बघत होते. गळ्याखाली खड्डा पडला, खांदे वर गेले. अडकला श्वास! खिडकीबाहेर जैतूनबी दिसत होती. मला वाटलं, ही आता खूण करील, बोटं दाखवील. पण ती बया पाठ फिरवून उभी राहिली. मला इतका राग आला तिचा!

वन्संची नजर पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीवर गेली. त्या पोरीनं पाटी छातीशी घट्ट धरली होती आणि खांदे कानाला भिडवले होते. वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्या फळ्याकडे गेल्याच नाहीत. सरळ जाजमावर, पोरींमध्ये बसल्या.

“बाळांनो,” त्या म्हणाल्या, “समोर गरम पेजेची वाटी आहे. निववायची कशी? फुंका बघू माझ्यासंगं. हळू. सांडायची नाही.”

तीस पोरी आणि एक मास्तरीण, सगळ्या मिळून फुंकायला लागल्या. हेडमास्तर अर्धवट उठले. साहेबांनी छडी आपटली, “ये क्या तमाशा है?”

गोदावन्सं उठल्या. साहेबांकडे बघून, स्वच्छ उर्दूत, आवाज जराही न हलता बोलल्या, “बच्चियां डरी हुई हैं, हुजूर. पहले डर उतरे, फिर सबक चढे.”

साहेबांनी छडी हळूच खुर्चीमागं ठेवली.

मग जो धडा झाला! पोरी हात वर करकरून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. जिनं पाटी छातीशी धरली होती ती तर साहेबांच्या गुडघ्याशी जाऊन त्यांना पाढे म्हणून दाखवायला लागली, ते बिचारे “बस, बस” म्हणतायत तरी थांबेना. साहेब हसले. वहीत त्यांनी काय लिहिलं ते मला दिसलं नाही, पण उठताना वन्संना म्हणाले, “उस्तानी, कल से आइए.” उस्तानी म्हणजे मास्तरीण, उद्यापासून या म्हणाले.

उद्यापासून! मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. वन्सं मात्र जाजमाची सुरकुती सरळ करत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

फाटकाशी आलो. जैतूनबीनं वन्संकडे बघितलं. त्या दिवशी तिनं हात नाही बघितला, तोंड बघितलं. मी विचारलंच, “तू पाठ काहून फिरवलीस गं?” तर म्हणाली, “माझ्याकडं बघून फुंकली असती तर जलमभर मला शोधत बसली असती.”

मी आल्या वाटेनं मागच्या गल्लीकडे वळले. जैतूनबीनं माझा पदर धरला. “तिकडून काहून? रस्ता काय बंद हाय?” आणि टोपली डोक्यावर चढवून ती चालू लागली, थेट भर पेठेतून. पाठोपाठ वन्सं, त्यांच्या मागं मी. दुकानदार, गाडीवान, न्हाव्याच्या ओट्यावरचे रिकामटेकडे, सगळे समोर. एक जण वन्संना बघून चपला पायात घालता घालता थांबला, तोंड वाकडं करून मागं वळणार, तोच जैतूनबीनं आवाज टाकला. जन्मभर हळू बोलणारी ती बाई, पण त्या दिवशी पेठेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं.

“सरका रे, सरका! बाजूला व्हा! मास्तरीणबाई येऊन राहिल्या!”

आणि सरकले हो सगळे. गाडीवानानं बैल ओढून बाजूला घेतले. पेठेच्या मधोमध वाट झाली आणि त्या वाटेनं आमच्या गोदावन्सं, पदर खांद्यावर, मान वर, चालत आल्या.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही कळमनुरी सोडली. वन्संचा दीर आला आणि आल्या पावली परत गेला, हे मला वन्संच्या पत्रातून कळलं. जैतूनबीला मी पुन्हा पाहिलं नाही. मी पाहिली ती तेवढीच शेवटची. आमच्या दाराशी आम्हाला सोडून, पाणीसुद्धा न घेता, बाळापूरच्या रस्त्यानं निघालेली. कोपऱ्यावर एका माणसानं तिला विचारलं, “कोण गं ती बाई?” ती चालता चालताच म्हणाली, “तुमाला ठाऊक न्हाई? आमच्या शाळेच्या मास्तरीणबाई हायेत त्या. पोरगी असंल तर धाडा उद्या.”